विश्लेषण : शरीरात शिरलेले किरणोत्सारी कण बाहेर कसे काढतात? ‘अ‍ॅटॉमिक मॅन’ मॅक्लस्की यांची ११ वर्षे काय सांगतात?

अणुअपघात म्हटले की चेर्नोबिल आणि फुकुशिमा ही नावे आठवतात. किती गावे रिकामी केली, किती लोकांना हलवले, याचे आकडे आपण वाचतो. पण ज्याच्या अंगात किरणोत्सारी पदार्थ शिरला त्या एका माणसाचे पुढे काय होते? त्याला औषध असते का? तो घरी परत येऊ शकतो का? शेजाऱ्यांनी त्याच्याजवळ बसावे का? अमेरिकेतील हॅरॉल्ड मॅक्लस्की यांच्या आयुष्यात या सगळ्या प्रश्नांची उत्तरे सापडतात. १९७६ मध्ये एका स्फोटानंतर त्यांच्या शरीरात इतका किरणोत्सारी पदार्थ गेला की ते जगतील याची खात्री कुणालाच नव्हती. ते जवळपास ११ वर्षे जगले आणि गेले ते हृदयविकाराने. अशा रुग्णांवर आज जे उपचार होतात त्यांचा मोठा आधार मॅक्लस्की यांच्यावरील उपचारांच्या नोंदी आहेत.

हॅरॉल्ड मॅक्लस्की कोण होते?

मॅक्लस्की यांचा जन्म १२ जुलै १९१२ चा. ते शास्त्रज्ञ नव्हते किंवा अधिकारीही नव्हते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथील अणुप्रकल्पात ते रासायनिक प्रक्रियेवर काम करणारे तंत्रज्ञ होते. कोलंबिया नदीकाठी हा प्रकल्प दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये उभा राहिला. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधील प्लुटोनियम इथेच तयार झाले होते. युद्धानंतर शीतयुद्ध सुरू झाले आणि हॅनफर्डचे काम वाढतच गेले.

मॅक्लस्की प्लुटोनियमवर अखेरची प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात होते. प्लुटोनियम साठवून ठेवले की त्यातील एका प्रकारच्या अणूंचे हळूहळू अमेरिशियम-२४१ या मूलद्रव्यात रूपांतर होते. हे अमेरिशियम वेगळे काढण्यासाठी तिथे एक स्वतंत्र खोली होती. अपघात त्याच खोलीत झाला. त्या वेळी मॅक्लस्की ६४ वर्षांचे होते.

त्या पहाटे नेमके काय घडले?

कामगारांच्या संपामुळे कारखाना सुमारे पाच महिने बंद होता. अमेरिशियम वेगळे करण्यासाठी एका उभ्या नळकांड्यात रेझिनचे बारीक दाणे भरलेले असत. घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातही अशाच जातीचे रेझिन असते. द्रावण त्यातून गेले की हवे ते अणू दाण्यांना चिकटून राहतात.

संपाच्या काळात हे दाणे अमेरिशियमसह नायट्रिक आम्लात तसेच पडून राहिले. आम्ल आणि किरणोत्सर्ग यांच्या माऱ्याने रेझिन खराब झाले होते. काम पुन्हा सुरू झाल्यावर त्यात तीव्र नायट्रिक आम्ल सोडले गेले. रासायनिक क्रिया भडकली, उष्णता आणि वायूचा दाब वाढत गेला आणि ३० ऑगस्ट १९७६ च्या पहाटे, रात्रपाळीत, नळकांडे फुटले.

हे नळकांडे ग्लोव्ह बॉक्समध्ये होते. ग्लोव्ह बॉक्स म्हणजे काचेची खिडकी असलेली बंद पेटी. तिला बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून कामगार बाहेरूनच आत काम करतो. मॅक्लस्की याच पेटीसमोर होते. काच फुटली. काचेचे आणि धातूचे तुकडे, आम्ल आणि अमेरिशियम लागलेले दाणे त्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि खांद्यावर आदळले. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला जास्त इजा झाली. काही क्षण त्यांनी तीच हवा श्वासातून आत घेतली. सहकाऱ्यांनी त्यांना खोलीबाहेर काढले.

नोकरीत एका माणसाच्या शरीरात आयुष्यभरात जितके अमेरिशियम जाणे तेव्हा मान्य होते, त्याच्या सुमारे ५०० पट संसर्ग त्यांना झाला, असा अंदाज पुढे काढण्यात आला.

किरणोत्सर्ग अंगावर पडणे आणि अंगात शिरणे यात फरक काय?

हा फरक समजला नाही तर पुढची गोष्ट कळणार नाही. एक्स-रे काढताना किरण शरीरातून आरपार जातात. यंत्र बंद केले की संपले. एक्स-रे काढून आलेला माणूस किरणोत्सारी होत नाही.

मॅक्लस्की यांच्या बाबतीत किरणांचा स्रोत, म्हणजे प्रत्यक्ष पदार्थच, त्वचेत, जखमांत आणि फुप्फुसांत जाऊन बसला होता. तो बंद करण्याचे बटण नाही. अमेरिशियम-२४१ चा अर्धायुकाल ४३२ वर्षे आहे. म्हणजे त्यातले निम्मे अणू संपायलाच चार शतके लागतात.

अमेरिशियम मुख्यतः अल्फा कण बाहेर टाकते. हे कण साध्या कागदाने अडतात. त्वचेचा वरचा मृत थरही ते ओलांडू शकत नाहीत. म्हणून बाहेर असताना त्यांचा धोका कमी असतो. पण तेच अणू शरीराच्या आत गेले की अल्फा कणांची सगळी ऊर्जा शेजारच्या मोजक्या पेशींवर पडते. रक्तात मिसळलेले अमेरिशियम यकृतात आणि हाडांत जाऊन बसते. एकदा हाडात बसले की ते पुढची काही दशके तिथून हलत नाही. हाडाच्या मगजात रक्त तयार होते. त्यामुळे पुढे रक्ताचे आजार आणि कर्करोग यांची भीती असते.

पहिल्या काही तासांत काय केले?

डॉक्टरांपुढे दोन कामे होती. अंगावरचे अमेरिशियम धुऊन काढणे आणि रक्तात गेलेले हाडापर्यंत पोहोचण्याआधी पकडणे.

त्यांना आधी प्रकल्पातच धुण्यात आले आणि मग रिचलँड शहरातील खास केंद्रात हलवण्यात आले. असा अपघात कधीतरी होईल हे गृहीत धरून ते आधीच बांधून ठेवले होते. भिंती जाड काँक्रीटच्या आणि पोलादाच्या. धुतलेले पाणी गटारात न जाता वेगळे साठेल अशी सोय होती. अपघाताच्या दिवशी जागा, माणसे किंवा औषध शोधत बसावे लागले नाही.

औषधाचे नाव डीटीपीए. अपघातानंतर काही तासांतच त्याची पहिली मात्रा शिरेतून देण्यात आली. अंगात नेमके किती अमेरिशियम गेले आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. तो अचूक आकडा कळायला बराच काळ लागतो. तोवर थांबले असते तर अमेरिशियम हाडात पोहोचले असते. आजही डॉक्टरांना हेच शिकवले जाते, की संशय बळकट असेल तर पूर्ण मोजणीची वाट न पाहता पहिली मात्रा द्यावी, शक्यतो पहिल्या २४ तासांत.

डीटीपीए नेमके काय करते?

किरणोत्सर्ग नष्ट करणारे औषध जगात नाही. डीटीपीए अमेरिशियमला निष्प्रभ करत नाही, फक्त त्याला शरीराबाहेर नेते.

या उपचाराला चिलेशन म्हणतात. हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे आणि औषधाचे कामही तसेच आहे. डीटीपीएचा रेणू रक्तातल्या धातूच्या अणूला अनेक बाजूंनी धरतो. असा पकडलेला अणू हाडाला चिकटू शकत नाही. मूत्रपिंडे ही जोडी गाळतात आणि ती लघवीवाटे बाहेर पडते.

अडचण अशी की ही नांगी अमेरिशियमबरोबर शरीराला लागणारे जस्तही ओढून नेते. डीटीपीए दोन प्रकारांत मिळते. कॅल्शियमचे डीटीपीए पहिल्या दिवशी जास्त परिणामकारक ठरते, पण ते सतत दिले तर शरीरातले जस्त कमी होते. म्हणून पुढे जस्ताचे डीटीपीए देतात. मॅक्लस्की यांच्यावर हाच मार्ग वापरला गेला. जस्ताचे डीटीपीए तेव्हा प्रायोगिक औषध होते. इतक्या मोठ्या प्रमाणात आणि इतका दीर्घकाळ ते माणसाला देण्याचा अनुभव कुणाकडेच नव्हता.

आज सर्वसाधारणपणे प्रौढ व्यक्तीला एका वेळी १ ग्रॅम डीटीपीए दिले जाते. मॅक्लस्की यांना सुमारे चार वर्षांत एकूण ५८३ ग्रॅम देण्यात आले आणि ते त्यांनी सोसले. औषधाचा मोठा दुष्परिणाम त्यांच्यात दिसला नाही. पुढच्या काळातील डॉक्टरांसाठी ही माहिती फार मोलाची ठरली.

पाच महिने विलगीकरणात कसे गेले?

मॅक्लस्की सुमारे पाच महिने त्या केंद्रात राहिले. परिचारिका संरक्षक पोशाख आणि श्वसनाचा मुखवटा घालून आत येत. दिवसातून अनेकदा त्यांचे अंग घासून धुतले जाई आणि अंगावरचे केस काढले जात. केस आणि त्वचेची सुटलेली खपली म्हणजे अमेरिशियम बाहेर पडण्याचीच एक वाट होती. आंघोळीचे पाणी, टॉवेल, कपडे हे सगळे किरणोत्सारी कचरा म्हणून वेगळे ठेवावे लागे.

वैद्यकीय बाजू डॉ. ब्रायटनस्टाइन यांच्या पथकाने सांभाळली. चेहऱ्यात रुतलेले काचेचे आणि धातूचे बारीक तुकडे एकेक करून काढणे हे मोठे काम होते. प्रत्येक तुकडा अमेरिशियमचा छोटा साठाच होता. तो आत राहिला तर रक्तात थोडे थोडे अमेरिशियम झिरपत राहणार होते. लघवी आणि शौच रोज गोळा करून मोजले जाई. किती बाहेर पडले आणि किती उरले याचा हिशेब त्यावरून लागे. मात्रा वाढवायची की कमी करायची, तेही त्यावरूनच ठरे.

आम्लामुळे त्यांच्या डोळ्यांना इजा झाली होती. पुढे मोतीबिंदूही झाला. रक्तातील काही पेशींची संख्या कमी राहिली. पण शरीरातील किरणोत्सर्गाची पातळी सुमारे ८० टक्क्यांनी खाली आली आणि १९७७ मध्ये त्यांना घरी जाण्याची परवानगी मिळाली.

घरी परतल्यावर काय झाले?

मॅक्लस्की वॉशिंग्टन राज्यातीलच प्रॉसर या छोट्या गावात पत्नीसह राहत. ते घरी आले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना ‘अ‍ॅटॉमिक मॅन’ म्हणायला सुरुवात केली होती. ओळखीचे लोक भेटायला येईनात. चर्चमध्ये माणसे त्यांच्यापासून लांब राहू लागली. शेवटी तिथल्या धर्मगुरूंना लोकांना समजावून सांगावे लागले की त्यांच्याजवळ बसण्यात धोका नाही.

लोकांची भीती समजण्यासारखी होती, पण ती बरोबर नव्हती. अंगावरचा थर धुऊन गेल्यावर मॅक्लस्की यांच्याकडून दुसऱ्याला लागण्यासारखे काही उरले नव्हते. हाडातले अल्फा कण शरीराबाहेर येऊ शकत नाहीत. अमेरिशियमचे थोडे क्षीण गॅमा किरण बाहेर येतात. मोजणी यंत्र त्यांच्याजवळ आवाज करी ते त्यामुळेच. पण यंत्र वाजते म्हणजे शेजारच्याला धोका आहे असे नव्हे. ही यंत्रे अगदी सूक्ष्म प्रमाणही पकडतात.

रुग्णाला घरी सोडताना डॉक्टरांनी जे तपासले होते ते गावाला कुणीच नीट सांगितले नव्हते. डीटीपीएने अमेरिशियम बाहेर काढले, पण या तुटलेपणावर केंद्राकडे काहीच तयारी नव्हती.

सरकारकडून त्यांना २ लाख ७५ हजार डॉलर भरपाई आणि आयुष्यभराचा औषधोपचाराचा खर्च मिळाला. इतके होऊनही मॅक्लस्की अणुऊर्जेच्या विरोधात गेले नाहीत. अखेरपर्यंत ते तिचे समर्थक राहिले. दोन्ही बाजूंच्या लोकांना त्यांचे हे मत पचायला जड गेले.

त्यांचा मृत्यू किरणोत्सर्गाने झाला का?

नाही. १७ ऑगस्ट १९८७ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने त्यांचे निधन झाले. हा आजार त्यांना अपघाताच्या आधीपासूनच होता. शवविच्छेदनात कर्करोग आढळला नाही.

यावरून अमेरिशियम निरुपद्रवी आहे असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. अपघात झाला तेव्हा त्यांचे वय ६४ होते आणि किरणोत्सर्गामुळे होणारा कर्करोग दिसायला अनेकदा दोन-तीन दशके जातात. एका रुग्णावरून टक्केवारी मांडता येत नाही. मात्र उपचार झाले नसते तर त्यांच्या हाडांत याच्या कितीतरी पट अमेरिशियम बसले असते, हे मोजणीवरून स्पष्ट झाले.

मृत्यूनंतर त्यांचे शरीर अशा रुग्णांच्या ऊतींचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी नोंदणी संस्थेकडे गेले. कोणत्या अवयवात किती अमेरिशियम उरले हे प्रत्यक्ष मोजता आले. जिवंत माणसात बाहेरून केलेले अंदाज कितपत बरोबर होते, ते तेव्हा पडताळता आले. त्याआधीच, १९८३ मध्ये, ‘हेल्थ फिजिक्स’ या शास्त्रीय नियतकालिकात त्यांच्यावरील उपचारांचे सविस्तर लेख प्रसिद्ध झाले होते. डीटीपीएच्या दोन्ही प्रकारांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अधिकृत मान्यता दिली ती २००४ मध्ये, म्हणजे अपघातानंतर २८ वर्षांनी.

हेच औषध प्रत्येक अणुअपघातात चालते का?

नाही. कोणता पदार्थ शरीरात गेला, त्यावर औषध ठरते.

- प्लुटोनियम, अमेरिशियम, क्युरियम : डीटीपीए.
- सीझियम : प्रशियन ब्लू. चित्रकलेतल्या या निळ्या रंगद्रव्याचेच शुद्ध केलेले औषध कॅप्सूलमधून देतात. ते आतड्यात सीझियम धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते.
- किरणोत्सारी आयोडीन : पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरली की किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर पोलंडने सुमारे १ कोटी ८० लाख मात्रा वाटल्या होत्या.
- ट्रिशियम : भरपूर पाणी, म्हणजे ते लघवीवाटे लवकर निघून जाते.

प्रशियन ब्लूची मोठी कसोटी मॅक्लस्की यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच लागली. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात, रिकाम्या पडलेल्या एका दवाखान्यातील कर्करोगावरील उपचाराचे यंत्र भंगारात गेले. फोडलेल्या यंत्रातली चमकणारी सीझियमची भुकटी लोकांनी हाताळली. एका मैदानात सुमारे १ लाख १२ हजार लोकांची तपासणी करावी लागली. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडले. ४६ जणांना प्रशियन ब्लू देण्यात आले. चौघांचा मृत्यू झाला. इथेही बाधितांना आणि त्यांच्या शहराला लोकांनी दीर्घकाळ टाळले.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून सुरू आहे. ट्रॉम्बेला १९६४ पासून आणि पुढे तारापूरलाही वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळे केले जाते. जिथे प्लुटोनियम असते तिथे अमेरिशियमही असते. त्यामुळे भाभा अणुसंशोधन केंद्रात कर्मचाऱ्यांच्या शरीरातील किरणोत्सर्ग मोजण्याची सोय पूर्वीपासून आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये अणुआपत्तीबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. संरक्षण संशोधन संस्थेच्या दिल्लीतील ‘इन्मास’ प्रयोगशाळेच्या प्रशियन ब्लू औषधाला भारताच्या औषध नियंत्रकांनी मंजुरी दिली आहे.

अमेरिशियम-२४१ अनेकांच्या डोक्यावरही असते. धूर ओळखणाऱ्या एका जुन्या प्रकारच्या स्मोक डिटेक्टरमध्ये त्याचा अत्यंत सूक्ष्म अंश वापरतात. बंद पेटीत असेपर्यंत त्याचा त्रास नाही. तो फोडू नये, जाळू नये, इतके पुरे.

सामान्य माणसाने काय लक्षात ठेवावे?

- अंगावर किरणोत्सारी धूळ असल्याची शंका आली तर बाहेरचे कपडे उतरवून पिशवीत बंद करावेत आणि साबण-पाण्याने अंघोळ करावी. बाहेरील बहुतांश दूषितता यातूनच जाते. त्वचा खरवडू नये. जखम झाली तर पदार्थ थेट रक्तात जाऊ शकतो.
- आयोडीनच्या गोळ्या फक्त थायरॉइडसाठी असतात. अमेरिशियम किंवा सीझियमवर त्यांचा उपयोग नाही. प्रशासनाने सांगितल्याशिवाय त्या घेऊ नयेत. जखमेवर लावायचे आयोडीन पिऊ नये.
- डीटीपीए आणि प्रशियन ब्लू ही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची औषधे आहेत.
- तपासणी करून घरी सोडलेली व्यक्ती शेजाऱ्यांसाठी धोकादायक नसते. तिच्याकडे जावे, तिच्याशी बोलावे.

त्या खोलीचे पुढे काय झाले?

हॅनफर्डमधल्या त्या खोलीला ‘मॅक्लस्की रूम’ हे नाव पडले. स्फोटानंतर तिथे पुन्हा उत्पादन झाले नाही आणि ती अनेक वर्षे बंद राहिली. हवा पुरवणारे खास पोशाख घालून कामगारांनी ती टप्प्याटप्प्याने साफ केली आणि २०१७ मध्ये तो भाग पाडण्यात आला. पाच महिन्यांत डॉक्टरांनी मॅक्लस्की यांच्या शरीरातला बराचसा किरणोत्सर्ग कमी केला होता. ज्या खोलीत तो सांडला ती निकामी करून पाडायला मात्र ४० वर्षे लागली.